तास भरल्यानंतर

बस काही येईना. गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला उशीर होत असल्याने रांगेत उभ्या शिंपीणबाईंचा जीव नुसता वरखाली होत होता. मागे एक आई आणि तिची शाळकरी मुलगी हुज्जत घालत होत्या. ती आपसूकच बाईंच्या कानावर पडत होती.

“शाळेने सांगितलेले सेवेचे तास भरले ना तुझे? पास होशील आता. मग वृद्धाश्रमात पुन्हा कशाला?”

“आजोबा वाट बघतात गं. त्यांना मी त्यांची मुलगीच वाटते.”

“आणि तू वाटू देतेस?”

“आधी नाही म्हटलं, तर रडायलाच लागले. मग हो म्हणून टाकलं.”

“अगं, खरी मुलगी आली म्हणजे?”

“काल आली होती. आजोबांनी तिला विचारलं, ‘आपण कोण?’”

“अगं बाई! मग?”

“मी उठायला लागले, तर तिनेच मला हाताला धरून बसवलं. निघताना म्हणाली, ‘बाबा तुझ्याशी काय काय बोलतात, ते मला सांगशील?’”

“तू काय म्हणालीस?”

“उद्या या म्हटलं. आई, ती येऊन बसलीही असेल. कुठे मेली ही बस?”

शिंपीणबाईंनी समोरून जाणाऱ्या टॅक्सीला हात केला आणि त्या मागे वळल्या.

“चल पोरी, बस आत. आई, तुम्हीही या.”