लघवीचा रंग विचारणाऱ्या हिल्काबाई

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाद्रीसाहेब, आपल्या औषधाच्या दुकानातून आज निवृत्त होणाऱ्या हिल्काबाई, त्यांच्या जागी आलेल्या नेआताई, आणि कॉफी निवत असूनही बसून राहिलेल्या गावकऱ्यांनो,

माझं शिक्षण सहावीपर्यंत. कागदावर लिहून आणलंय, पण वाचताना अडखळेन. ते माझ्या औषधाच्या गोळीमुळे नाही, आधीच सांगून ठेवतो. नाहीतर माझा मेहुणा वेइक्को उद्या गावभर करेल.

गेल्या मार्चमध्ये मला छातीत कफ झाला. शहरातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि बजावलं, "हे संपेपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी बंद." मी मान डोलावली. पण घरी दोन आठवड्यांच्या गोळ्या डबीच्या खणांत भरून तयार! भरलेला खण रिकामा करायचा, ही आपली शिस्त. कोण मोडणार? दोन्ही औषधं घेत राहिलो. मांड्या भरून आल्या. बर्फाखालची मासळीची जाळी ओढल्यामुळे असेल, असं समजून रोज सौनाच्या गरम वाफेत घाम काढत बसलो.

शेवटी चोळायचं मलम आणायला गेलो. हिल्काबाईंनी ते दिलंच नाही.

"लघवीचा रंग कसा आहे?"

मागे रांगेत सहा माणसं! मी पुटपुटलो, "बीट खाल्लंय."

"अहो ओस्मो, मी जेवण नाही विचारलं. रंग?"

"काळ्या कॉफीसारखा."

त्यांनी फोन उचलला आणि अँब्युलन्स येईपर्यंत मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. दोन औषधं एकत्र आल्यामुळे माझे स्नायू झिजून मूत्रपिंडांवर भार आला होता. आणखी दोन दिवसांनी ती निकामी झाली असती, असं रुग्णालयात म्हणाले.

हे ऐकून वेइक्कोनं स्वतःच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या शेगडीत टाकल्या. त्यालाही बाईंनी धरलं.

"तुमचं काही दुखतंय का?"

"नाही. पण ओस्मोचं..."

"ओस्मोचे स्नायू ओस्मोच्या अंगात आहेत. तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नाही!"

आज त्याची गोळी चालू आहे. मलाही डॉक्टरांनी दुसरी दिलीय, रक्त तपासून.

पण खरं सांगू? उद्यापासूनची मला धास्ती वाटते. नेआताई, आम्ही इथली माणसं दुखणं आपणहून सांगत नाही. हवामानावर बोलतो आणि घरी जातो. म्हणून तुम्ही विचारा. नवीन औषध कुठलं, दुखतंय कुठे, सगळं. आम्ही चिडू. तरी उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या माणसाला बोलावू नका.

हिल्काबाई, त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलो होतो, त्यामुळे आभार मानायचे राहिले. ते आज मानतो, सगळ्यांदेखत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि मला आता बसू द्या.