चार बोटांचा शब्द

रेनफ्रो : ...आणि ती पोरं पेट्रोल पंपापाशी उभी राहून माझ्या गाडीकडे बघत एक बोट वर करत होती. मी हॉर्न वाजवला.

टॉलिव्हर : हॉर्न वाजवलात?

रेनफ्रो : दोनदा. गाडीच्या दारावर कॉलेजचं नाव आहे ना. मला वाटलं, 'आपणच पहिले' म्हणतायत. फुटबॉलवाल्यांत एक बोट वर केलं की तोच अर्थ होतो, कुठेही जा.

टॉलिव्हर : या तीन काउंट्यांतल्या गावांत होत नाही. तुम्हीही उलटून त्यांना बोट तर दाखवलं नाहीत ना?

रेनफ्रो : केलं.

टॉलिव्हर : अरे देवा. पुढे डावीकडे घ्या, कोच, आणि जरा सावकाश. व्हर्लीन गॉसच्या दारात जायच्या आधी तुम्हाला काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

रेनफ्रो : वर्ष झालं, मी विचारतोच आहे. मला प्रुइट कॉलेजचा मुख्य कोच केलं तेव्हा सांगितलं होतं, नदीकाठच्या या गावांतून पोरं नुसती उचलून आणायची. जुन्या याद्या काढून बघितल्या. एका वर्षी संघात इथली एकोणतीस होती. मग अकरा. मग चार. आता एक नाही. विचारलं की ऑफिसात कारणांची माळ लावतात. मोठ्या कॉलेजांच्या व्यायामशाळा चकाचक, पोरं आता दर वर्षी कॉलेज बदलतात, आपलं मैदान जुनं, आपल्या बसमध्ये एसी नाही.

टॉलिव्हर : बसमध्ये एसी एकोणतीस होती तेव्हाही नव्हता. खिडक्या उघड्या टाकून जायचो. घामाचा वास तीन गावं पुढे पोचायचा.

रेनफ्रो : हसू नका, डीकन. मार्चमध्ये विश्वस्तांची बैठक आहे. मिस व्हर्लीनचा डेझमन आला तर त्याच्या शाळेतली आणखी सहा-सात त्याच्यामागे येतील. नाही आला तर ते फुटबॉल बंद करतील. आणि तो नाही आला तर त्याचंही काही खरं नाही. उंची दोन इंच कमी पडली म्हणून मोठ्या कॉलेजांनी त्याला सोडलं. आमच्याशिवाय त्याला बोलावणं नाही, त्याच्याशिवाय आम्हाला संघ नाही. त्याची आई माझा फोन उचलत नाही. तुम्ही तिच्या चर्चचे डीकन, पाद्रींचे मदतनीस, ती तुम्हाला ओळखते, म्हणून तुम्हाला घरातून उठवून आणलं.

टॉलिव्हर : ओळखते. तिच्या थोरल्याला मीच कॉलेजात नेला होता.

रेनफ्रो : लॉनेल. ठाऊक आहे. गुडघा गेला त्याचा.

टॉलिव्हर : गुडघा जातोच हो या खेळात. सगळ्या आयांना ते ठाऊक असतं. त्यावरून कुणी एक बोट वर करत नाही. तुम्ही चार बोटं बघितलीत की नाही? खेळाचा चौथा, शेवटचा भाग सुरू झाला की?

रेनफ्रो : मी कोच आहे, डीकन.

टॉलिव्हर : तेच म्हणतोय. पोरं दमून आडवी व्हायला आलेली असतात, तरी एका हातात हेल्मेट धरून दुसऱ्या हाताची चार बोटं वर करतात. म्हणजे, हा भाग आमचा, आम्ही शेवटपर्यंत उभे आहोत. मी तीच खूण घराघरांत नेली. सव्वीस वर्षं या कॉलेजासाठी पोरं गोळा केली मी. आईच्या समोर बसायचो, चार बोटं वर करायचो आणि म्हणायचो, बाई, चार वर्षं. खेळू दे, न खेळू दे, हात मोडू दे, पाय मोडू दे. चार वर्षं शिकेल आणि पदवी घेऊन घरी येईल. मग ती सही करायची. पुढेपुढे तर मला बोलायलाही लागत नसे. दाराशी गाडी थांबली की आतूनच कुणीतरी चार बोटं दाखवायचं.

रेनफ्रो : आणि कागदावर काय होतं?

टॉलिव्हर : एक वर्ष. शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही, ते मुख्य कोचच्या मर्जीवर.

रेनफ्रो : तुम्हाला माहीत नव्हतं?

टॉलिव्हर : मी वाचला नव्हता. बॅगेत घेऊन हिंडत होतो. कशाला वाचू? बॅस्कम मुख्य कोच होते. त्यांनी कधी कुणाला काढलं नाही. हॉब्सन म्हणून एक पोरगा होता, पहिल्याच महिन्यात त्याची मान दुखावली. पुन्हा चेंडूला हात लावला नाही त्यानं. बॅस्कमनी त्याला चार वर्षं टॉवेल धुवायला ठेवलं आणि संध्याकाळी स्वतः अभ्यासाला बसवलं. आज तो शाळेत गणित शिकवतो. मला वाटायचं, कागदातही हेच लिहिलेलं असणार. दुसरं काय असेल?

रेनफ्रो : मग बॅस्कम गेले.

टॉलिव्हर : गेले, आणि स्ट्रॉब आले. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी एका दुपारी अकरा पोरांना ऑफिसात बोलावलं. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा. अकरा जणांना सांगितलं, पुढच्या वर्षी तुमची जागा नाही. नियमाबाहेर काही केलं नाही त्यांनी. कागदात होतं ते केलं.

रेनफ्रो : लॉनेल त्या अकरांत.

टॉलिव्हर : मी गाडी लावत होतो. तो पार्किंगमध्ये उभा. काखेत कुबडी आणि कपडे दोन काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरलेले. मला म्हणाला, डीकन, यांची काहीतरी चूक झालीय ना? मी म्हणालो, चूकच असणार, थांब, मी आत जाऊन सांगतो. आत गेलो. स्ट्रॉबनी कागद माझ्यापुढे सरकवला. तिथे, त्यांच्या टेबलापाशी उभा राहून मी तो पहिल्यांदा वाचला. बाहेर आलो तर पोरगा अजून तसाच उभा. पिशव्यासुद्धा खाली ठेवल्या नव्हत्या.

रेनफ्रो : काय सांगितलंत त्याला?

टॉलिव्हर : गाडीत बस म्हणालो. याच रस्त्यानं घरी आणून सोडला. तेव्हापासून ते बोट आहे, कोच. चार सांगतात, एक देतात. शेंबडी पोरंसुद्धा तुमच्या गाडीला तेच दाखवतात. आणि तुम्ही हॉर्न वाजवता.

रेनफ्रो : पण मग दोष स्ट्रॉबचा. तुम्हालाही त्यात फसवलं. मी मिस व्हर्लीनला हेच सांगेन. आणि हा नवा कागद दाखवेन. विश्वस्तांशी सहा महिने भांडून आणलाय. यात चार वर्षं लिहिलीयत, दुखापत झाली तरी. तुम्ही वाचलात ना?

टॉलिव्हर : दोनदा. चष्मा पुसून. खरा आहे, म्हणून तर तुमच्या गाडीत बसलो.

रेनफ्रो : झालं तर. त्यानंतर तुम्ही लगेच काम सोडलंत, हेही सांगू. त्याचा उपयोग होईल.

टॉलिव्हर : ते निळ्या दाराचं घर. कुंपणाला लागून लावा.

(मिस व्हर्लीन गॉस यांच्या घराचा ओटा, दुपारी चारचा सुमार. त्या मासे कापायच्या कारखान्यातून नुकत्याच आल्या आहेत. रबरी बूट अजून पायात आहेत.)

व्हर्लीन : बसा. खुर्ची हलते, डीकन, भिंतीकडे सरकून बसा. सात वर्षं दर रविवारी 'देव भलं करो' म्हणून पुढच्या बाकावर जाऊन बसता. आज घरापर्यंत आलात.

टॉलिव्हर : लॉनेल कसा आहे?

व्हर्लीन : माझ्याच कारखान्यात, बर्फाच्या खोलीत. गुडघा आखडतो थंडीनं. पण तिथे काम हळू झालं तरी मुकादम बोलत नाही त्याला. हे तुमचे नवे कोच?

रेनफ्रो : हो, मिस व्हर्लीन. मी गोड बोलायला आलेलो नाही. लॉनेलच्या बाबतीत आमच्या कॉलेजानं जे केलं ते वाईट होतं. ते मी मिटवू शकत नाही. डेझमनसाठी हा कागद आणलाय, एवढंच.

व्हर्लीन : मोठ्यानं वाचा.

रेनफ्रो : सगळा?

व्हर्लीन : जिथे दुखापतीचं आहे ते.

रेनफ्रो : 'ही मदत चार शैक्षणिक वर्षांसाठी आहे. दुखापत, आजार किंवा खेळातली कामगिरी या कारणांनी ती काढून घेता येणार नाही.'

व्हर्लीन : चांगलं लिहिलंय. आणि तुम्हीच दुसरीकडे निघून गेलात तर?

रेनफ्रो : तरी कॉलेजाला पाळावाच लागेल. सही माझी नाही, त्यांची आहे. फुटबॉल बंद झाला तरी डेझमन शिकेल.

व्हर्लीन : डीकन, असंच लिहिलंय?

टॉलिव्हर : असंच. मी वाचलंय.

व्हर्लीन : त्या वेळी नव्हतं वाचलंत.

टॉलिव्हर : नाही.

व्हर्लीन : म्हणून मी तुमच्यावर राग धरला नाही कधी. चर्चमध्ये बायका म्हणायच्या, डीकन लबाड. मी म्हणायचे, लबाड नाही गं, भोळा आहे. मोठ्या लोकांनी सांगितलं ते खरं मानलं त्यानं, आपण मानलं तसंच. लॉनेलला घरी सोडलात तेव्हा त्याच्या दोन्ही पिशव्या तुम्ही स्वतः ओट्यावर आणून ठेवल्यात. मी बघितलं होतं.

टॉलिव्हर : मिस व्हर्लीन, ते तेवढंच नाही.

रेनफ्रो : डीकन, आपण कागदाचं बोलू या.

टॉलिव्हर : कागदाचंच बोलतोय. लॉनेलला सोडला तो एप्रिल. मी काम सोडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी.

व्हर्लीन : मग?

टॉलिव्हर : त्या दोन वर्षांत मी एकोणीस घरी गेलो. कागद वाचलेला होता. तरी एकोणीस आयांसमोर चार बोटं वर केली.

व्हर्लीन : एकोणीस.

टॉलिव्हर : त्यांतले सात शेवटपर्यंत शिकले. बाकीचे परत आले.

रेनफ्रो : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

टॉलिव्हर : सांगितलं असतं तर तुम्ही मला हिच्या घरी आणलंच नसतं.

व्हर्लीन : का केलंत तसं?

टॉलिव्हर : निवृत्तीला दोन वर्षं होती, असं मी स्वतःला सांगतो. पण पहिल्या घरी जाताना मनात होतं, स्ट्रॉबना समजावीन, शब्द पाळायला लावीन. दुसऱ्या घरी चार बोटं वर केली, पण आईकडे बघितलं नाही. तिसऱ्या घरी काहीच वाटलं नाही. हात आपोआप वर गेला.

व्हर्लीन : टिली बर्डनच्या घरीसुद्धा?

टॉलिव्हर : तिच्याही.

व्हर्लीन : टिली मला विचारायला आली होती. म्हणाली, तुझ्या लॉनेलचं असं झालं, मग मी सही करू की नको? मी तिला म्हणाले, कर. एकदा तोंड पोळलंय डीकनचं, आता तो वाचल्याशिवाय कुणाच्या दारात जायचा नाही. हे मी तिला सांगितलं, डीकन. मी. तिचा पोरगा पाठीत लोखंडी पट्टी घालून बसलाय घरात.

टॉलिव्हर : ठाऊक आहे.

व्हर्लीन : भोळ्याला माफ करणं सोपं असतं.

रेनफ्रो : मिस व्हर्लीन, यांना हे सांगायची गरज नव्हती. कुणाला कधी कळलं नसतं. निदान आज तरी खरं बोलतायत, म्हणून—

व्हर्लीन : कोच, तुमचा कागद खरा आहे. माझा विश्वास बसला. यांनी आत्ता सांगितलं म्हणूनच बसला असेल. पण डेझमननं मंगळवारी सही केली.

रेनफ्रो : कुठे? दुसरं कुठलं कॉलेज आलंच नव्हतं.

व्हर्लीन : सैन्यात. शाळा संपली की जूनमध्ये जाणार.

रेनफ्रो : जूनपर्यंत तो नाही म्हणू शकतो. त्यात तशी सोय असते. मला नक्की ठाऊक आहे.

व्हर्लीन : मलाही ठाऊक आहे. त्यांनी तेही वाचून दाखवलं.

टॉलिव्हर : तो घरी आहे का? मी बोलतो त्याच्याशी. गुडघ्यावर बसून बोलतो.

व्हर्लीन : तुमचं ऐकेल तो. लहानपणापासून ऐकतो. म्हणून तर तुम्ही बोलायचं नाही.

टॉलिव्हर : व्हर्लीन, हा कागद चांगला आहे गं. पोरगं जिवंत राहील.

व्हर्लीन : मी त्याला तेच म्हणाले, कॉलेजवाले पुन्हा येतील, थांब. तो म्हणाला, आई, कॉलेजवाले सगळं चांगलंच सांगतात.

रेनफ्रो : आणि सैन्यवाल्यांनी काय सांगितलं?

व्हर्लीन : एक तरुण हवालदार आला होता, इस्त्रीच्या कपड्यांत. इथेच बसला, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. पाय गेला तर काय, डोळे गेले तर काय, बंदिवान झाला तर काय, जीव गेला तर दाराशी किती माणसं येणार आणि काय बोलणार. मी म्हणाले, बाबा, पुरे कर. तो म्हणाला, बाई, अजून दोन पानं आहेत.

टॉलिव्हर : मग?

व्हर्लीन : मग डेझमननं माझा हात धरला, आणि आम्ही ती दोन्ही पानं ऐकली.