नव्या बाजरीचं पीठ

माजं माहेर चाकणच्या पल्याड, भामा नदीच्या काठाला. आता तिकडं बगावं तिकडं कंपन्या झाल्यात, पन माज्या लहानपनी नुसती बाजरी, भुईमूग आन कांदं. मी सात वरसाची आसताना आई गेली, तापानं, तीन दिसात. तवापास्नं माजा सभाव भेदरट झाला बगा. घरात कुनी जरा जास्त येळ झोपलं की मी जाऊन नाकापुढं हात धरायची, श्वास चालतोय का ते बगायला. बाप म्हनायचा, आगं पोरी, मानसं झोपत्यात बी. पन मला ते पटायचं न्हाई.

पंधराव्या वरसी लगीन झालं, चिखलीच्या अंगाला दिली मला. घरात सासू-सासरं, थोरलं दीर, त्येंची बायकू म्हंजे माजी जाऊ शेवंता, आन आमचं मालक. सासूला मी आत्याबाई म्हनायची. आमचं मालक घरातलं पैलं नोकरीवालं, पिंपरीला तवा कारखान्याचं बांधकाम निगालं व्हतं, तिथं सायकलीवर जायचं, यायला दिवं लागून जायचं. जावंला मूलबाळ न्हवतं, मला तेवढी येक लेक, सखू. मी सांगते तवा ती चार वरसाची व्हती.

तर त्या साली काय झालं, बाजरी फुलोऱ्यात आली आन आभाळ आठ-धा दिस उघडलंच न्हाई. कनसावर मधावानी चिकट थेंब दिसायला लागलं, हात लावला की बोटाला तार सुटायची. सासरं म्हनलं चिकटा पडलाय, ऊन पडलं की जाईल. पुढं ऊन पडलं, थेंब वाळलं, आन समदी इसरून गेली. कारन दसरा झाल्यावर आमच्याकडं कामाची जी झुंबड उडती ना ताई, काय सांगू तुमास्नी. बाजरी खुडायची, भुईमूग उपटायचा, आन जमिनीतली वल हाय तवर जोंधळ्याची पेरनी बी उरकायची, समदं त्या येकाच आठवड्यात. आन नेमकं तवाच ननंदंचं बाळंतपन आलं, आत्याबाई गेल्या लेकीकडं तळेगावला. जाऊ रानात लई दांडगी, तिच्याबिगर कनसं खुडायचं काम हलायचं न्हाई. मंग चूल माज्या गळ्यात आली.

दिसभर मी बी रानातच आसायची. सांच्याला समद्यांच्या आधी घरी यायची आन मानसं येस्तवर सैपाक करायची. आता तुमी म्हनाल त्येच्यात काय, पन तवा हाताखाली काय व्हतं, येक चूल आन येक जातं. म्हनून मी झटपट हुईल आसंच करायची. सोमवारी हुलग्याचं शेंगोळं केलं, येका भांड्यात काम भागतं, भाकरी नसली तरी चालतं. मंगळवारी वांगी चुलीतल्या आरात टाकली आन भरीत केलं. बुधवारी पिठलं केलं तर सखू पडली वट्यावरनं, तिला उचलायला गेले तवर पिठलं खाली लागलं. सासरं जेवता जेवता म्हनलं, थोरली रानात येवढी राबती आन हिला चार मानसांचा सैपाक धड व्हत न्हाई. मी करपल्यालं भांडं उचलून मागं गेले. पन भांडी घासताना जाऊ शेजारी व्हती, आन माज्या तोंडातनं निगून गेलं, आसू दे, येक दिस खातील मंग कळंल त्यास्नी. काय मनात व्हतं माज्या? काई न्हवतं, नुसता राग व्हता. पन बोलनं तर बोलून गेले.

दुसऱ्या दिशी दुपारच्याला रानात चार गडी जास्त आलं, पहाटंचं दळल्यालं समदं पीठ त्येंच्या भाकरीत गेलं. सांच्याला येऊन बगते तर डब्यात पीठ न्हाई, आन कनगीतली जुनी बाजरी बी खाली झाल्याली. परवाच मळल्याली नवी बाजरी पोत्यात व्हती, ती काढली. सुपात घेतली तर त्येच्यात काळं दानं, लांबुडकं, उंदराच्या लेंडीवानी. आत्याबाईंची शिस्त व्हती, धान्य दोनदा पाखडायचं आन मंग हातानं निवडायचं, त्याबिगर जात्याकडं जायचंच न्हाई. पन सूर्य कलला व्हता, सखू भूक भूक करून पदर वढत व्हती, कालचं सासऱ्याचं बोलनं कानात व्हतं. म्या येकदाच पाखडलं. काळं दानं दिसत व्हतं मला. म्हनलं आसंल उंदराचं, दळल्यावर काय कळतंय. ताई, हे म्या डोळ्यानं बगून केलं, ते आजबी मी नाकारीत न्हाई.

शेजारची भीमाकाकू आली, तिच्याबी घरचं पीठ सपल्यालं. दोघींनी मिळून दळलं, तिला दिसायचं कमी, ती नुसतं जातं वढायची. दळून झालं तशी पायलीभर पीठ उसनं घेऊन गेली. तिची मानसं लांबच्या रानात पेरनीला, यायला उशीर, म्हनून तिची चूल मागनं पेटायची.

मी भाकरी केल्या, शेंगदान्याची आमटी केली. सासरं, दीर, जाऊ आन सखू जेवली. आमचं मालक यायचं व्हतं. मी आपली भाकरी ताटात घेतली आन पैला घास मोडनार, तर सासरं वट्यावर वकायला लागलं. मंग दीर. मंग जाऊ भिताडाला धरून उभी ऱ्हायली, म्हनली मला फिरतंय. सखू वकली आन तशीच जमिनीवर आडवी झाली. कुनाला धरू, कुनाला पानी देऊ, काय सुचंना.

शेजारपाजारची धावत आली. कुनी म्हनलं आमटीत पाल पडली आसंल, कुनी भांड्याला कल्हई न्हाई म्हनलं. जाऊ तशा हालतीत बी माज्याकडं बगत व्हती. समद्यांच्या म्होरं ती म्हनली, तू का न्हाई जेवलीस?

मी म्हनलं, आत्ताच बसत व्हते.

मंग तिनं कालचं समदं सांगितलं, की ही म्हनली व्हती येक दिस खातील मंग कळंल. कुनीतरी म्हनलं पाटलाला बोलवा, विख घातलंय. मला वाटलं आता संपलं. मला बांधतील, माहेरी बापाच्या दारात नेऊन टाकतील, सखूचं काय व्हनार. काळ्या दान्यांचं मला त्याच येळेला आठवलं, पन सांगायचं कसं, सांगितलं तर खरंच ठरलं ना, की हिनं जानूनबुजून केलं. मी गप बसायचं ठरवलं. खरं सांगते, गप बसायचंच ठरवलं व्हतं म्या.

आन तेवढ्यात भीमाकाकूच्या घरातनं भाकरी थापल्याचा आवाज आला.

तिच्या घरात लहान पोरं किती, पाच. मी तशीच पळाले. मागनं कुनीतरी वरडलं, धरा, पळाली. मी गेले ती थेट त्येंच्या चुलीपाशी, पोरं ताटं घेऊन बसल्याली, येक भाकरी तव्यावर, येक टोपल्यात. म्या परात उचलून पालथी केली, टोपल्यातली भाकरी चुलीत घातली. भीमाकाकूची सून मला ढकलायला लागली, म्हनली याड लागलं का तुला. दारात मानसं जमली. आता सांगन्याबिगर वाटच न्हवती. म्या म्हनलं, पीठ खाऊ नका. बाजरीत काळं दानं व्हतं. म्या बगितलं, आन तसंच दळलं.

समद्यांनी आयकलं. त्याच घटकंला आमचं मालक सायकल घेऊन आलं. त्येंनी बी आयकलं. तशीच सायकल फिरवली आन पिंपरीच्या कॅम्पातला डाक्टर आनायला गेलं. तो शिंदी मानूस, फाळनीत समदं सोडून आल्याला, मोडकं मराठी बोलायचा. त्येनं डोळं बगितलं, नाडी बगितली, म्हनला वकलं ते बरं झालं, गुळाचं पानी पाजत ऱ्हावा, पोरगीवर ध्यान ठेवा. काय खाल्लं म्हनून इचारलं तवा समद्यांनी माज्याकडं बगितलं, आन म्या मूठभर पीठ आन सुपात उरल्यालं काळं दानं त्येच्या हातावर ठेवलं. तो म्हनला, तुमी हे ठेवलं ते चांगलं केलं, न्हाईतर मी पालीचं औषध देत बसलो आसतो.

मोठी मानसं सकाळपतूर सावरली. पन सखू उठंना. अंग गरम न्हाई, श्वास चालू, पन डोळं उघडंना. हाका मारल्या, पानी शिपडलं, कुशीवर वळवली, नुसती कण्हायची आन परत झोपायची. रात्र कशी गेली ते मी सांगत न्हाई. उजाडलं, ऊन वर चढलं, मानसं रानात गेली, आन मी तिच्या नाकापुढं हात धरून बसल्याली. हात आखडला की दुसरा धरायची. मनात येकच, आई बी आशीच तिसऱ्या दिशी गेली.

दुपारी डाक्टर परत आला. त्येनं आंगनात घमेल्यात मिठाचं दाट पानी कालवायला लावलं आन त्येच्यात आमची बाजरी वतली. चांगला दाना तळाला गेला, काळं दानं वर तरंगायला लागलं. मंग भीमाकाकूची बाजरी वतली, तिथंबी तेच. पाटलाची वतली, तेच. अख्ख्या शिवारात तीच कीड. डाक्टर म्हनला हे कुनी घातल्यालं विख न्हाई, हा कनसाचा रोग हाय, गावात दवंडी द्या. सासरं घमेल्याकडं बगत ऱ्हायलं.

मी आतच व्हते. ऊन उतरायला लागलं तवा सखूनं डोळं उघडलं. माज्याकडं बगितलं आन म्हनली, आये, भूक.

तुमास्नी वाटंल मला आनंद झाला. झाला की. पन पोरीला भूक लागलीय आन घरात येक दाना तिला द्यायची मला छाती व्हईना. भीमाकाकूनं दूध आनलं, ते बी म्या आधी चाखून बगितलं, शंभर आकडं मोजलं, मंग पाजलं.

फुडं चार दिस जाऊ सैपाक करायची. मला म्हनली तू पानी आन, लाकडं आन, चुलीकडं येऊ नको. खरं तर मलाबी तेच बरं वाटायचं, पिठाच्या डब्यापास्नं मी लांबच ऱ्हायची. पन ताटं वाढली की सासरं इचारायचं, कुनी केल्या भाकरी, आन जाऊ म्हनायची म्या, मंग ते जेवायचं. मी शेवटाला जेवायची. आमचं मालक तेवढं म्हनलं, तू भीमाकाकूकडं पळालीस ते समद्यांनी बगितलंय. पन घर ते घर. त्यात माजी जागा उरली न्हवती.

पाचव्या दिशी आत्याबाई आल्या. गावाच्या येशीवरच त्यास्नी समदं कळलं व्हतं. पाय धुतलं, सखूला मांडीवर घेतली, तिचं डोळं बगितलं. मंग जाऊ चुलीपाशी बसाय लागली तशा म्हनल्या, शेवंता, तू ऊठ. मला हाक मारली. बाजरी माज्या म्होरं ठेवली आन म्हनल्या निवड. म्या मिठाच्या पान्यातनं काढली, वाळवली, दोनदा पाखडली, दाना दाना बगितला, अख्खी दुपार गेली, त्या शेजारी बसून बगत व्हत्या. दळलं. भाकऱ्या थापल्या, पैल्या दोन तव्यावर फाटल्या.

सासरं वट्यावर, दीर दारात, समदी ताटकळल्याली. कुनी हात फुडं करंना.

आत्याबाई म्हनल्या, वाढ. आधी मला वाढ.

म्या म्हनलं, आत्याबाई, चुकलं माजं.

त्या म्हनल्या, चुकलं ते खरं. घाईत माज्याबी हातनं झालं आसतं, माजं नशीब म्हनून मी तळेगावला व्हते. वाढ आता.

आन समद्यांच्या म्होरं त्येंनी ती भाकरी खाल्ली, आर्धी न्हाई, अख्खी, नुसत्या मीठ-मिरचीबर, सावकास. खाऊन झाल्यावर तांब्याभर पानी प्याल्या आन तिथंच बसून ऱ्हायल्या. मी त्येंच्या तोंडाकडं बगत व्हते, मला कायबी आयकू येत न्हवतं. बऱ्याच येळानं सासऱ्यानं आपलं ताट फुडं सरकवलं. मंग दिरानं. जाऊ शेवटाला बसली, माज्याशी बोलायला तिला दिवाळी उजाडली, पन बसली.

तर आसं झालं. त्येच्यानंतर म्या कितीतरी वरसं सैपाक केला, मालकांच्या डब्याला, मागनं दोन पोरं झाली त्येंच्या लग्नात, भरल्या घराला. आत्याबाई गेल्या, सासरं गेलं, जाऊ शेवटची दोन वरसं माज्याच हातचं खाऊन गेली. जमिनी गेल्या, बाजरी गेली. आता नातसून हिंजवडीला कामाला जाती, येताना तयार पिठाचं पुडकं घेऊन येती, कुकर लावती, अर्ध्या तासात समदी जेवून मोकळी. मी काई म्हनत न्हाई. येळ नसतो बिचारीला, मला कळतं ते.

पन भीती गेली का म्हनाल, तर न्हाई गेली. घरातली समदी जेवून हात धुवून आपापल्या खोलीत जात्यात, मंग मी घटकाभर आयकत बसते, कुनाचा काय आवाज येतोय का, आन मंग जेवते. सून आधी वरडायची, आता वरडत न्हाई, माजं ताट झाकून ठेवती. सखू ऱ्हाती संत तुकाराम नगरला, आजी झाली ती आता. रोज सांच्याला तिचा फोन येतो. लांबलचक बोलत न्हाई, तेवढंच सांगती, आये, जेवलो गं समदी, बरी हाय. मंग मला झोप लागती. आज यायचाय अजून. ट्राफिकमदी आडकली आसंल तिच्या लेकाची गाडी, आन काय.

तुमी निगा आता, अंधारायला लागलं. घरी वाट बगत आसतील. पोटभर जेवा, समदी संगट बसून जेवा, आन तुमच्या घरात कुनाला कदी आसं कुनाच्या श्वासापाशी बसायची पाळी न येवो.