पुसट रेघ

भाऊ : हळू बोलतोय असं समजू नकोस, ताई. आवाजच एवढा उरलाय.

ताई : इतक्या वर्षांनी उगवलास, तोही थेट लॅबमध्ये. घर माहीत नव्हतं?

भाऊ : घरी ताई असते, इथे डॉक्टर असते. मला डॉक्टर हवी होती. हा नंबर बघ. घशातला तुकडा तुमच्याकडेच आलाय तपासायला.

ताई : कुणाच्या घशातला?

भाऊ : शेजाऱ्याच्या घशासाठी मी एवढी पायपीट करीन?

ताई : आण इकडे.

(ती नंबर वाचते. मग बराच वेळ चष्मा पुसत राहते.)

भाऊ : काय गं?

ताई : या तुकड्याची काच काल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली मी. काचेवर नाव नसतं रे, नुसता नंबर.

भाऊ : मग? कशी आहे?

ताई : 'सुंदर' म्हणाले मी. सगळ्यांना बोलावून दाखवली. विद्यार्थ्यांना शिकवायच्या पेटीत ठेवायला सांगितली.

भाऊ : म्हणजे शेवटी मी अभ्यासक्रमाला लागलो. बाबा असते तर पेढे वाटले असते.

ताई : गप बस.

भाऊ : सुंदर म्हणजे चांगलंच ना?

ताई : आमच्याकडे नाही. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. रंग दिला की पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. तुझ्या काचेवर ती पुसट आहे. काही ठिकाणी नाहीच.

भाऊ : धरून ठेवत नाहीत, मग सुटून जातात?

ताई : मानेतल्या गाठींत जायची शक्यता वाढते. शक्यता, बरं का! शंभर जणांचं सांगता येतं त्यावरून, एकट्या तुझं नाही.

भाऊ : घर सोडून जायचं वळण माझंच घेतलंय त्यांनी.

ताई : मी घालवलं होतं तुला.

भाऊ : 'तोंड दाखवू नकोस' म्हणाली होतीस. म्हणून घसा पाठवला.

ताई : आणि मी तो ओळखलासुद्धा नाही. ऑपरेशन कधी?

भाऊ : पुढच्या आठवड्यात. स्वरयंत्र काढणार. नंतर बोलता येतं म्हणे, उपकरण लावून.

ताई : येतं. पण तो आवाज तुझा नसतो.

भाऊ : तोवरही कमी बोला म्हणालेत.

ताई : थोडंच बोल. पण घरी चल, माझ्याशी बोल.

भाऊ : आपल्याला भांडणाशिवाय येतं काय बोलायला?

ताई : मग भांड. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.