राखेचा रस्ता

कराड स्टँडवर उंब्रजच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे बनाबाई आणि तिचा थोरला भाऊ उभे होते.

“बने, पाय गुडघ्यापातुर चिखलानं भरल्यात. तुमच्या वस्तीला नवा रस्ता झालाय न्हवं?”

“झालाय, आण्णा. कारखान्याची राख आन् चुना काळ्या मातीत कालवून केलाय.”

“गावाला डांबर, आन् आपल्याला राख!”

“राख चांगली घट्ट बसती म्हनं. पर आठ दिस नुस्तं पानी मारायचं, पाय ठिवायचा न्हाई. आज सातवा, म्हून कडंच्या चिखलातनं आले.”

“तुझ्या एकटीच्या पायानं मोडतोय व्हय?”

“थोरली सून बाळंतपनाला बाजल्यावरनं न्हेताना ह्याच चिखलात जिवानिशी गेली. आता धाकलीचं, आम्रपालीचं, दिस भरत आल्यात. तिच्यासाठी जीप दारात आली पायजे.”

“गाडी लागली बघ. माझं बूट तुझ्या पिशवीत टाक.”

“का वं?”

“मीबी चिखलातनंच येतो.”