त्या नळाला हात लावू नका

…अहो वहिनी, नाही नाही, नको! बसा तुम्ही! तो नळ अजून घट्ट पिळायला जाऊ नका, तो तेवढाच बंद होतो, आणि गळतोय हे मला माहीत आहे हो, दिसतंय, ऐकू येतंय, खाली पातेलं मीच ठेवलंय! तुम्ही दोघं मघापासून एकमेकांकडे बघताय ना, ते कळतंय मला. मनात म्हणत असाल, हा माणूस उभं आयुष्य कारखान्यात फिटर होता, मोठमोठी यंत्रं खोलून परत बसवायचा, आणि याच्याच स्वयंपाकघरात टप… टप… टप! पण तुम्ही विचारलंत ना, की भाऊ, आम्हीही निवृत्तीनंतर लेकाकडे इकडेच यावं का? मग ऐका. त्याचं उत्तर त्या नळातच आहे.

तुम्हाला सांगतो, आम्हाला एकच मुलगी. ती इथे, जावई इथे, आणि नात झाली तीही इथेच. मग तिकडे आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत किती बसणार? आलो. निवृत्तांचा व्हिसा मिळतो इथे. अट एकच. काम करायचं नाही! पगारी नाही, बिनपगारी नाही, कुणाचं नाही. मी म्हटलं, हे तर उत्तमच झालं, त्यासाठीच तर निवृत्त झालो! आणि कराचं म्हणाल तर त्यात अजून मजा. राहायचं म्हटलं की इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणतात तुम्ही आता इकडचे. पण माझ्या पेन्शनवर कर लावायचा म्हटला की दोन्हीकडचे म्हणतात, या या, तुम्ही तर आमचेच! एवढं प्रेम मला माझ्या सासुरवाडीतसुद्धा मिळालं नाही.

असो. तर काम करायचं नाही. पण हाताला कोण सांगणार? खालच्या मजल्यावर एक ग्रंथपाल बाई राहतात, एकट्या. त्यांची खिडकी लागायची नाही, बिचाऱ्या घरात मफलर गुंडाळून बसायच्या. मी गेलो, बिजागरी सरळ केली, झालं. चहा पिऊन होईपर्यंत झालं! त्यांनी वरच्या मजल्यावर सांगितलं, वरच्यांनी समोरच्यांना, आणि बघता बघता अख्ख्या इमारतीची दारं, कुलपं, गिझर, सगळं माझ्याकडे. फुकट हो! पण लोक भले, कुणी मुरंब्याची बाटली आणून ठेवायचं, कुणी कुंडी, त्या ग्रंथपाल बाईंनी तर स्वेटर विणून दिला. हा काय अंगात आहे तोच.

आणि आमची ही? ही पदर खोचून तयारच. “अहो, जगाच्या नळांचे वायसर बदलताय, माझा नळ कधी?” मी म्हणायचो, उद्या. “कपाटाचं दार?” उद्या. “ते डुगडुगणारं स्टूल?” अगं उद्या म्हटलं ना! तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरातलं काम म्हणजे काय काम असतं का? ते होतंच की कधीतरी. तिकडच्या घरातसुद्धा मोरीची कडी बसवायची राहिली ती राहिलीच.

तर कराचे कागद भरायची वेळ आली. जावयाच्या ओळखीचा एक करसल्लागार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं असं की जणू आपण आजारी आहोत आणि त्याला रिपोर्ट कळलाय. म्हणाला, “काका, पेन्शनखेरीज आणखी काही मिळतं?” मी हसत म्हटलं, छे हो, कधीमधी मुरंबा. त्याने पेन खाली ठेवलं. “मुरंबा… कशाबद्दल?” म्हटलं, गिझरबद्दल. “आणि?” म्हटलं, खिडकीबद्दल स्वेटर. अहो, त्याचा चेहरा असा पडला! “काका, हा मोबदला झाला! मोबदला म्हणजे उत्पन्न, उत्पन्न म्हणजे काम, आणि काम म्हणजे व्हिसा गेला! तुमचं नूतनीकरण तोंडावर आलंय, तिथे विचारतील दिवसभर काय करता. एकच वाक्य बोलायचं. मी काहीही करत नाही.” आणि माझ्याकडून ते घोकून घेतलं हो, शाळेतल्या पोरासारखं! मी काहीही करत नाही. मी काहीही करत नाही. चाळीस वर्षं ज्याने जेवणाच्या सुट्टीतसुद्धा यंत्रं दुरुस्त केली, त्याला हे म्हणायला लावायचं? जीभ रेटत नव्हती माझी.

गेलो व्हिसाच्या कचेरीत. बरोबर मुलगी, दुभाषी म्हणून. समोर अधिकारी बाई, शांत, नीटनेटक्या, आणि त्यांच्या टेबलाचा खण अडकलेला! त्या ओढतायत, खण येत नाही. परत ओढतायत, कर्रर्र. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. “दिवसभर काय करता?” म्हटलं, मी काहीही करत नाही. कर्रर्र! “शेजाऱ्यांना मदत वगैरे?” मी काहीही करत नाही. कर्रर्रर्र! आता मला सांगा, माणसाने सहन तरी किती करायचं? मी कधी उठलो मला कळलं नाही. खण तिरका करून काढला, त्यांचीच शिसपेन्सिल घेतली, दोन्ही कडांना खसाखसा घासली, खण परत आत, आणि एका बोटाने… सुळ्ळकन! बाई खूश. “वा! हे कुठे शिकलात?” मी छाती फुगवून म्हटलं, अहो हे तर मी रोज… आणि टेबलाखालून मुलीने अशी लाथ घातली!

बाईंनी काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, “आम्ही घरी येऊन पाहू.”

मग सांगतो, माझी टरकली. खोटं कशाला बोलू? परत जायचं म्हणजे कुठे? त्या बंद घरात, आणि नात दिसणार फोनच्या काचेत. ती आत्ता आत्ता माझ्या बोटाला धरून चालायला लागलीय हो. एका खणापायी तिचं बोट सुटणार? मुलीने हत्यारांची पेटी स्वतःच्या घरी नेली, मुरंबा जावयाने संपवला, आणि मुलीने हिला बजावलं, “आई, तू एक अक्षर बोलायचं नाहीस!”

आल्या बाई. मी खुर्चीत, स्वेटर काढून, मी काहीही करत नाही असा चेहरा करून. बाई सगळीकडे फिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कपाट उघडलं, दार हातात आलं! घाबरून स्टुलावर टेकल्या, स्टूल डुगडुगलं! उठून हात धुवायला गेल्या, नळ बंद केला, तर टप… टप… टप. मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, “तुमचे पती दुरुस्तीची कामं करतात ना?” मुलीने भाषांतर केलं मात्र…

अहो, धरण फुटलं! “हे? दुरुस्ती? अहो बाई, आल्या दिवसापासून हा नळ गळतोय! हात लावला असेल तर शपथ! त्या दाराला मी कागदाची घडी करून लावते, तेव्हा कुठे ते राहतं! स्टुलावरून मी पडता पडता वाचले! तिकडे मोरीला कडी नाही, लग्न झाल्यापासून मी गाणं म्हणत आंघोळ करतेय! इकडची काडी तिकडे करत नाहीत!” डोळ्यांत पाणी हो हिच्या, खरंखुरं! अधिकारी बाईंनी मुलीला विचारलं, “काय म्हणाल्या?” मुलगी शांतपणे म्हणाली, “आई म्हणतेय, बाबा काहीही करत नाहीत.”

बाईंनी नळाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. हिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी बहिणीसारखा, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात तेवढा शरमलो नाही. तिथेच शेरा मारला. अर्जदार काहीही करत नाही, प्रत्यक्ष पाहून खात्री केली. मंजूर!

मुलगी नाचली, जावयाने मिठी मारली, आणि माझं मन भरून आलं. म्हटलं, हिने मला वाचवलं, आता आधी हिचा नळ! मुलीकडून पेटी परत आणली, पाना उचलला, तर करसल्लागाराचा फोन, जावयाने त्याला सगळं सांगितलेलं. “काका, खबरदार! तो नळ म्हणजे तुमचा पुरावा आहे. दरवर्षी नूतनीकरण, कधीही तपासणी. कपाट, स्टूल, नळ, सगळं जसंच्या तसं!”

आणि आता हीच पहारा देते, बोला! टपटप जरा थांबली की ही देव्हाऱ्यासमोरून धावत येते. “अहो, केलंत की काय?” नाही गं बाई, पाणी गेलंय.

तेव्हा वहिनी, या तुम्ही इकडे, जरूर या, नातवंडांसारखं सुख नाही. फक्त येताना घरातलं काहीतरी मोडकं बघून आणा. हे बघा, नवा वायसर. रोज खिशात असतो. चहा ठेवायला गेलो की काढतो, नळासमोर धरतो, मापाला अगदी बरोबर आहे, परत खिशात टाकतो. दुसरं काय करणार?

मी काहीही करत नाही.