माणसाला हात दोनच असतात

...नाही, मला एवढंच सांगा, माणसाला हात किती असतात? मोजा. लाजू नका, मोजा. दोन ना? हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. तुम्हाला सांगतो, तीन हात होते तोवर मी सुखात होतो...

असं बघू नका, नीट सांगतो. मी कॉम्प्युटरवर संगीत करतो. म्हणजे जाहिरातीमागचं, कुणाच्या गाण्यामागचं, आणि तुम्ही कुठेतरी तक्रार करायला फोन लावता आणि 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून पंधरा मिनिटं कानात जे वाजत राहतं ना, ते मी. हो, ज्याला शिव्या घालता तोच. जागा म्हणाल तर घरातली मागची खोली, एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळणारे पायमोजे आणि मध्ये मी. आणि आमचे सासरे! सासऱ्यांनी तीस वर्षं बँडमध्ये ड्रम वाजवलेत, खरे, चामड्याचे, काठ्या मोडेपर्यंत. दर रविवारी जेवायला येतात, जेवण झालं की खोलीच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "काय जावईबापू, टायपिंग चाललंय?" टायपिंग! बारा वर्षं झाली लग्नाला, बारा वर्षं माझी एकच इच्छा, या माणसाने एकदा माझं काम ऐकून 'वा' म्हणावं. 'वा वा' नाही हो, दोनदा नको, एकदाच. एका अक्षराचं काम, पण नाही.

आता सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे हिचा मोठा भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे. तेही ड्रमवाले. माणूस गोड. इतका गोड की तुम्हाला कधी विकून आला ते तुम्हाला कळणार नाही. एका गायिकेकडे ते वर्षानुवर्षं वाजवतात, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाईंचं नवं गाणं यायचं होतं, बाकी वाद्यं माझ्या खोलीतून, ड्रम मेहुण्यांचे, सगळं ठरलेलं. गाणं बाईंना ऐकवायला दोन आठवडे होते, आणि ड्रमच्या रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी हे गृहस्थ मित्राचा फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवायला गेले. फ्रीज चढला. मनगट राहिलं खाली. प्लास्टर!

आले माझ्याकडे, गळ्यात हात अडकवलेला, चेहरा असा की बघणाऱ्याने आधी पाणी द्यावं. "भावोजी, आता तुम्हीच. कॉम्प्युटरवर करा, पण बाईंना कळता कामा नये. त्यांनी एकदा दुसरा ड्रमवाला आणला की पहिला कायमचा घरी. बाबांनाही मी सांगितलंय, वाजवून झालं आणि मग प्लास्टर पडलं." मी म्हटलं, मेहुणे, म्हणजे काम मी करायचं आणि नाव तुमचं? तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "छे छे, गाणं पास झालं की मी स्वतः सांगेन. बाईंसमोर. बाबांसमोर. म्हणेन, बघा, हे भावोजींनी केलंय, आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही." बाबांसमोर, हे शब्द ऐकले आणि मी विरघळलो. शिवाय दारात ही उभी, "अहो, माझ्या दादासाठी एवढं नाही करणार?" झालं. मासा गळाला लागला, आणि मासा म्हणजे मीच!

आता काम काय, तर फिल. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. गाण्यात ड्रम सरळ चाललेला असतो, धड्-ता, धड्-ता, धड्-ता. ते मला येतं, कॉम्प्युटरला येतं, उद्या तुमच्या मिक्सरलाही येईल. पण कडवं संपतं, पुन्हा धृपद यायचं असतं, आणि मध्ये एक फट उरते. त्या फटीत ड्रमवाला काय करतो, डुगुडुगु-डुगुडुगु-डुगुडुगु-ढांय! ते फिल. तीन सेकंदांचं. नीट शिंकायला याहून जास्त वेळ लागतो. म्हटलं, एवढंच ना? चहा गार व्हायच्या आत करतो.

केलं. जोरदार केलं. एकाच वेळी छोटा ड्रम, मोठा ड्रम आणि वर सिम्बल, म्हणजे ती पितळी थाळी, खणखणीत. रविवार होता, दारात सासरे. म्हणाले, "हे कोण वाजवतंय?" मी म्हटलं, असंच, टायपिंग. आत आले, इस्त्रीच्या टेबलासमोर उभे राहिले. "उजवा हात इथे," टेबलावर ठप्प. "डावा हात इथे," ठप्प. "मग सिम्बल कशाने वाजवली? नाकाने?" खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, माणसाला हात दोनच असतात." आणि गेले झोपायला. बारा वर्षांत मिळालेलं पहिलं मार्गदर्शन!

मग सुरू झालं. एक हात काढला. पुढच्या रविवारी दारातून, "शेजारी भिंतीत खिळा ठोकतायत का?" का, तर सगळे ठोके एकाच जोराचे. माणसाचा डावा हात उजव्याएवढ्या जोराने पडत नाही म्हणे. बरं, डावे ठोके हळू केले. तर मेहुणे, हे मधल्या दिवसांत यायचे, प्लास्टर उशीवर ठेवून दुसऱ्या हाताने बिस्किटं खात बसायचे, ते म्हणाले, "भावोजी, काटेकोर वाटतंय. माणूस घड्याळाच्या काट्यावर वाजवत नाही, थोडा मागे पडतो." किती मागे? "थोडा." थोडा म्हणजे किती? "म्हणजे... भावोजी, आपण उठून दार उघडायला जातो तेव्हा किती वेळ लागतो?" काय उत्तर आहे का हे? मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हिची पातेली उपडी घातली, दोन डाव हातात घेतले आणि स्वतः वाजवून बघितलं. कुठला हात कधी रिकामा होतो, कुठून कुठे जायला किती वेळ लागतो... ही भाजी हातात घेऊन उभी. "अहो, पातेलं मिळेल का?" म्हटलं थांब, डावा हात अजून पोचायचाय.

अकरा दिवस. तीन सेकंदांसाठी अकरा दिवस. मेहुण्यांची सगळी जुनी रेकॉर्डिंग काढली आणि ऐकत बसलो. आणि हळूहळू मला तो माणूस कळायला लागला हो! त्यांचा तिसरा ठोका नेहमी केसभर उशिरा, कारण डावा खांदा जरा आखडलेला. शेवटच्या चार ठोक्यांना घाई, कारण शेवट दिसला की त्यांना घर दिसतं. आणि प्रत्येक मोठ्या फिलमध्ये एकदा तरी काठी ड्रमच्या कडेला लागते, टक्. चूक आहे ती. पण त्यांची चूक आहे. मी ती टक् सुद्धा घातली. स्वतःच्या मुलांच्या वह्या मी इतक्या बारकाईने बघितल्या नाहीत, जितकं मी मेहुण्यांचं मनगट बघितलं. आणि बाराव्या दिवशी दुपारी ते फिल लावलं आणि खोलीत कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं. पायमोजे होते. पण खरं सांगतो, त्या तीन सेकंदांइतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

बाईंकडे गेलो. मेहुणे लांब बाह्यांचा सदरा घालून, बाही प्लास्टरवर ओढून. गाणं लागलं, कडवं संपलं, डुगुडुगु-डुगुडुगु... टक्... ढांय! बाईंनी गाणं थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं. म्हणाल्या, "काय बोलतो हो हात! हे कॉम्प्युटरवाल्यांना सात जन्मांत जमायचं नाही." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं." मी कशाला घेतोय वाईट वाटून? मी तर मेहुण्यांकडे बघत होतो. म्हटलं आला क्षण, आता हा देवमाणूस तोंड उघडणार. मेहुणे खाकरले. खाली बघितलं. आणि म्हणाले, "त्या दिवशी जरा मनगट दुखत होतं, नाहीतर अजून चांगलं आलं असतं."

मनगट दुखत होतं!

बाहेर आल्यावर जिन्यात धरलं. म्हटलं मेहुणे, हे काय? म्हणाले, "बाईंसमोर जीभ वळली नाही हो. पण बाबांसमोर सांगतो, शब्द देतो." आधी दिलेला शब्द पाळला नव्हता, त्यावर दुसरा दिला. आणि रविवारी सासऱ्यांनी गाणं ऐकलं. डोळे मिटून. टक् आली आणि त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "माझा मुलगा. तिसऱ्या ठोक्याला डावा मागे पडतो, शाळेत असल्यापासून. कितीदा ओरडलो मी त्यावरून." आणि मग, माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या तीन सेकंदांना ते म्हणाले, "वा."

मी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुणे रडत होते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा 'वा' ऐकत होता, आणि ते त्याचं नव्हतं. आता अशा माणसाला काय म्हणणार तुम्ही? मी म्हणणार होतो. चांगलं दणकून म्हणणार होतो. तोंड उघडलं, तर हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. "राहू द्या ना, बाबा किती खूश झालेत." सख्खी बायको!

पण मीही हट्टाला पेटलो. सासऱ्यांना हाताला धरून खोलीत नेलं, कॉम्प्युटर उघडला, पडद्यावर फिल दाखवलं, एकेक ठोका, एकेक रंगीत चौकोन, म्हटलं हा बघा तिसरा, केसभर मागे ओढलाय, ही बघा टक्, ही मी घातलीय. सासरे चष्मा लावून वाकून बघत राहिले. म्हणाले, "अस्सं! म्हणजे त्याचं ऐकून ऐकून उतरवून काढलंत. चांगलं आहे, शिका. आणि ते तीन हातांचं टाकून दिलंत ना? बरं केलंत. माणसाला हात दोनच असतात." पुरावाच माझ्याविरुद्ध फितूर झाला! काम वाईट केलं तर लोक म्हणतात हे ह्याचं, आणि चांगलं केलं तर म्हणतात हे ह्याचं असूच शकत नाही. मग मी नेमकं करायचं तरी काय?

इथे संपलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण गाणं लोकांना आवडलं आणि बाईंनी कार्यक्रम ठरवला. मोठं सभागृह, प्रत्यक्ष वाद्यं, आणि "ते फिल अगदी तसंच हवं हं." प्लास्टर निघालं होतं. मेहुणे माझ्या दारात. आणि काय म्हणाले माहितीये? "भावोजी, ते मी कसं वाजवलं, ते जरा दाखवता?"

दाखवलं. हो, दाखवलं! मूर्ख म्हणा मला. पुन्हा पातेली उपडी. हा माणूस घाम पुसत मोजतोय, आणि मी त्याला तोच माणूस कसा असतो ते शिकवतोय. "तिसरा उशिरा, मेहुणे. नाही, एवढा नाही. आता घाई करा. अहो, तुम्हाला घरी जायचंय असं समजा!" "पण भावोजी, मी घाई करत नाही." "करता! जन्मभर करताय!" बिचाऱ्याने इतका धसका घेतला की दिवसभर मांडीवर मोजत बसायचा. जेवताना मोजायचा. झोपेत मोजतो म्हणून वहिनींचा फोन यायचा.

कार्यक्रमाचा दिवस. पहिल्या रांगेत सासरे. मी स्टेजच्या कडेला, मांडीवर लॅपटॉप, मागचे व्हायोलिनचे सूर सोडायला. कडवं संपलं. मेहुण्यांनी डोळे घट्ट मिटले, ओठ मोजताना दिसले मला, आणि वाजवलं... एकेक ठोका मोजलेला, एकेक ठोका सारखा, ना मागे, ना घाई, ना टक्. इस्त्री केल्यासारखं! तुमचा फोन होल्डवर असताना जे वाजतं ना, तसं.

कार्यक्रम संपल्यावर सासरे आत आले. मेहुणे घामाने भिजलेले, मान खाली. सासरे त्यांच्याकडे न जाता सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मधलं ते तुमच्या कॉम्प्युटरमधून सोडलंत ना? लगेच कळतं हो. हा नुसता हात हलवत होता." मी मेहुण्यांकडे बघितलं. म्हटलं आता तरी. आता तरी बोल रे बाबा, की मीच वाजवलं. मेहुणे खाकरले, खाली बघितलं आणि म्हणाले, "हो ना बाबा... मनगट जरा दुखत होतं. म्हटलं भावोजींचंच लावू."

सासऱ्यांनी मान डोलावली. बारा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तशी, अगदी मनापासून डोलावली. माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "पण एक आहे जावईबापू, या वेळी हात दोनच वाटले. वा!"

मी आपले होते तेवढे दोन्ही जोडले.